रागाची फिल्टर रूम

(मंडळाच्या स्टॅनमोर येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"रागावर ताबा" या विषयावर बोलायचं आहे असं मी घरी सांगितलं, तेव्हा बायकोने चहा गाळता गाळता विचारलं, "विषय तुला दिलाय, की तुझ्यावर दिलाय?"

तिचं बरोबर आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधुपुरुष तर नाहीच नाही. मी एक रागीट माणूस आहे. त्यामुळे आज इथे जे सांगणार आहे, ते परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचं भाषण नाही. चारदा नापास होऊन कसाबसा पास झालेल्याचं आहे. त्याचा उपयोग कधी कधी जास्त होतो.

माझं गाव गडहिंग्लज. तिथून जवळच नेसरी आहे. शाळेत असताना आमची सहल तिथे गेली होती. प्रतापराव गुजरांची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला त्यांनी सोडून दिलं, खान उलटला, महाराजांचं कडक पत्र आलं. ते शब्द प्रतापरावांच्या जिव्हारी लागले. २४ फेब्रुवारी १६७४ ला खान समोर दिसताच ते सहा स्वारांनिशी त्याच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण पडले. शाळेत ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा, अजूनही येतो. त्या शौर्याला माझा मुजराच आहे. पण वय वाढलं तसा एक प्रश्न छळायला लागला. ते साधे शिपाई नव्हते, स्वराज्याचे सरनोबत होते. हाताखाली फौज होती. ती येईपर्यंत ते थांबले असते तर? राज्याभिषेक जेमतेम साडेतीन महिन्यांवर आला होता. त्या सोहळ्याला महाराजांना आपला सरनोबत हवा नसेल का?

राग खोटा नव्हता. रागाचं कारणही खोटं नव्हतं. फक्त राग आणि घोड्याला टाच यांच्यामध्ये जागाच उरली नव्हती.

मी काही सरनोबत नाही. माझ्या टाचेखाली घोडा नव्हता, हातात मोबाईल होता.

२०१२ सालची गोष्ट. ऑलिंपिकचा उन्हाळा. तुम्हाला आठवत असेल, ज्युबिली लाईनचं एक टोक स्ट्रॅटफर्ड, म्हणजे ऑलिंपिकचं मैदान, आणि दुसरं टोक आपलं स्टॅनमोर. कॅनरी व्हार्फला गाडीत शिरायलाच तीन गाड्या सोडाव्या लागल्या. उभ्याने, घामाघूम होऊन, दुपारचं जेवण चुकलेला असा मी साडेसहाला स्टॅनमोर स्टेशनबाहेर आलो आणि चुलतभावाचा मेसेज वाचला : दादाने घरामागच्या परसातला एक पट्टा विकला. मला न विचारता.

तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. मी तिथेच, स्टेशनच्या दारात उभा राहून फोन लावला. दादा झोपेतून उठून "काय रे, सगळं ठीक ना?" म्हणाला. मी ठीक काही ठेवलंच नाही. चार-पाच मिनिटं बोललो असेन. त्यातलं बाकी सगळं तो विसरला असता. एक वाक्य विसरण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "आईला तू सांभाळतोस ते घरासाठी."

पलीकडून काही आवाज आला नाही. मग फोन बंद झाल्याचा आवाज आला.

मंडळी, माझा मुद्दा बरोबर होता. विचारायला हवं होतं, हे दादानेही नंतर मान्य केलं. पण मुद्दा बरोबर असला की वाक्यही बरोबर असतं, असं नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात रागाची उतरंड सांगितली आहे : क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश. लहानपणी पाठ केलं तेव्हा वाटायचं, रागात स्मृती कशी जाईल? त्या संध्याकाळी कळलं. चार मिनिटं मी विसरलो होतो की मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारा हाच माणूस आहे.

त्यानंतर अबोला. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. दर रविवारी आईचा फोन असायचा आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "बोललास का रे दादाशी?" मी म्हणायचो, "बोलेन गं." २०१५ मध्ये आई गेली. मी पोचेपर्यंत अंत्यसंस्कार उरकले होते. दहाव्याला हिरण्यकेशीच्या काठावर आम्ही दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहिलो. मी म्हणालो, "दादा, चुकलो." तो म्हणाला, "घरी चल, आधी चहा घे." आमचं सुरू झालं. पण आम्ही दोघं बोलतोय हे ऐकायला जिचे कान आसुसले होते, तिने ते ऐकलं नाही. याची भरपाई कुठलीही माफी करत नाही.

परत आल्यावर मी जी.पी.कडे गेलो. खरं सांगतो, ब्लडप्रेशरसाठी जातोय असं घरी सांगून गेलो. आपल्याकडे राग हा आजार नसतोच; तो "स्वभाव" असतो. "आमचे हे जरा तापट आहेत" हे आपण कौतुकानेच सांगतो. डॉक्टरांनी मला एका गटात पाठवलं. आठ जण होतो. एक बसचालक, एक शिक्षिका, एक निवृत्त आजोबा. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी इथे कसा? तिसऱ्या आठवड्यात कळलं की बाकीच्या सातांनाही तसंच वाटत होतं.

तिथे शिकलो त्याचं सार एवढंच : राग येणं हातात नाही. राग आणि कृती यांच्यातलं अंतर वाढवणं हातात आहे.

हे मला नीट उमगलं ते मात्र वर्गात नाही, तर आपल्या स्टॅनमोरच्याच बेंटली प्रायरीमध्ये. तुम्ही तिथलं संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा, २०१३ पासून ते खुलं आहे. १९३६ पासून इथे ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांडचं मुख्यालय होतं, आणि १९४० च्या उन्हाळ्यात ह्यू डाउडिंग यांनी ब्रिटनच्या हवाई लढाईची सूत्रं इथूनच हलवली. आकाशात काही दिसलं की किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांतून फोन यायचे. पण एकच तुकडी दोन केंद्रांना दिसली की दोन तुकड्या वाटायच्या. कुणाचं अंतर बरोबर, तर दिशा चुकलेली. हे सगळं जसंच्या तसं पुढे पाठवलं असतं तर वैमानिक भलत्याच दिशेला उडाले असते. म्हणून सगळे फोन आधी एका खोलीत यायचे. तिचं नाव फिल्टर रूम. मोठ्या नकाशाभोवती हवाई दलातल्या तरुण मुली सोंगट्या मांडायच्या, अधिकारी ताडून बघायचे : खरं किती? कुठे? आपलं की परकं? आणि मगच माहिती पुढे जायची.

ही खोली असूनही चुका झाल्या. युद्ध जाहीर होऊन तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ ला खोट्या इशाऱ्यावरून विमानं उडाली आणि ब्रिटिश स्पिटफायरनी आपलीच दोन हरिकेन विमानं पाडली. एक तरुण वैमानिक गेला. त्यानंतर कार्यपद्धतीत सुधारणा झाल्या, आपलं विमान ओळखणारी यंत्रणा बसवायला वेग आला.

ते ऐकताना मला स्टेशनबाहेरचा तो फोन आठवला. रागाच्या भरात आपण परक्यांची विमानं फारशी पाडत नाही. ऑफिसात साहेबासमोर आपण गोड असतो. आपण पाडतो ती घरचीच.

तर माझी फिल्टर रूम कशी चालते, ते सांगतो. चार गोष्टी आहेत.

पहिली, इशारा ओळखणं. माझे आधी कान तापतात. कुणाचा आवाज चढतो, कुणाच्या मुठी वळतात. भूक आणि अपुरी झोप असेल तर इशारा मिळायच्या आतच स्फोट होतो. त्या दिवशी मी जेवलो असतो, तर कदाचित हे भाषण झालं नसतं.

दुसरी, श्वास. सावकाश घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. पाच-सहा वेळा. "मनात साचवू नये, उशी बडवावी, मोकळं व्हावं" असं आपण ऐकत आलो. पण २०२४ मध्ये ब्रॅड बुशमन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १५४ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक माणसांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की धुमसणाऱ्या शरीराला आणखी तापवून राग उतरत नाही. तो उतरतो शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी : श्वास, ध्यान, योग. आपल्या आजीला हे आढाव्याशिवाय माहीत होतं, पण आजीचं आपण ऐकलं असतं तर!

तिसरी, वेळ मागून घेणं. "मला दहा मिनिटं दे, मग बोलू." यात "मग बोलू" महत्त्वाचं. दहा मिनिटांनी परत यायचंच. नुसतं दार आपटून निघून जाणं हा ताबा नव्हे. अबोलाही नव्हे. अबोला म्हणजे राग फ्रीजमध्ये ठेवणं. टिकतो मात्र फार दिवस.

चौथी, लिहिलेलं लगेच न पाठवणं. ईमेल लिहा, मनसोक्त लिहा, पण पत्ता घालू नका. सकाळी वाचा. माझी बहुतेक पत्रं सकाळी तीन ओळींची होतात, आणि त्या तीन ओळींना उत्तर येतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. घरात कुणावर हात उगारला जात असेल, मुलं तुमच्या पावलांच्या आवाजाने गप्प होत असतील, तर श्वास मोजत बसू नका. जी.पी.शी बोला. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या समुपदेशन सेवेकडे तुम्ही स्वतःही थेट नाव नोंदवू शकता. आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तर आधी ९९९. लाज वाटून घेण्यासारखं यात काही नाही. लाज न विचारण्याची असावी.

मी पूर्ण सुधारलो का? नाही. मुलगा सतरा वर्षांचा झाल्यावर मी त्याला गाडी शिकवायला घेतली. स्टॅनमोर हिलच्या चढावर गाडी बंद पडली, मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. माझे कान तापले. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. श्वास सोडला. तो शेजारून म्हणाला, "बाबा, फिल्टर रूम चालू आहे ना?" मी म्हणालो, "चालू आहे. क्लच सावकाश सोड." तिसऱ्यांदा गाडी चढली.

त्या संध्याकाळी मी दादाला फोन करून हे सांगितलं. तो खूप हसला. माझी पहिली सायकल मी कशी ओढ्यात घातली होती आणि तो कसा ओरडला नव्हता, याची त्याने आठवण करून दिली. मला ते आठवतच नव्हतं. बघा, स्मृती अशी परत येते.

दिवाळी आली आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या फोनमध्ये एखादा नंबर असा असेल, जो बरेच दिवस लावलेला नाही. पाडवा-भाऊबीजेचं निमित्त आहे. भारतातली वेळ बघा, पोटभर जेवा, आणि लावा.

शुभ दीपावली!