अभिकल्पाचे मोजमाप

(तळोजा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



औद्योगिक वसाहतीतून किती टन माल बाहेर पडला, किती वीज लागली, किती हातांना काम मिळाले, हे आकडे मांडता येतात. परंतु त्या मालाचे रूप कोणी ठरविले, हे अशा तक्त्यांत सहसा आढळत नाही. म्हणूनच देशाच्या अभिकल्पाचे, म्हणजे डिझाइनच्या सामर्थ्याचे, मोजमाप अवघड ठरते.

या मोजमापाची तीन अंगे आहेत. पहिले साधनांचे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली व पवईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ साली सुरू झाले. २००७ साली राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर झाले. संस्था व पदवीधर मोजणे सोपे आहे.

दुसरे अंग नोंदणीचे. डिझाइन अधिनियम, २००० अन्वये नोंदलेल्या अभिकल्पास प्रथम १० वर्षे व मुदतवाढीने आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र हे संरक्षण वस्तूच्या आकारास, नक्षीस व रंगयोजनेस आहे. यंत्राच्या कार्यपद्धतीस नाही. शिवाय नोंद मालकाच्या नावे होते. तळोज्यात घडलेल्या वस्तूची नोंद दूरच्या मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर असू शकते. कारागिराने फवारणी यंत्राची मूठ हाताला सोयीची केली, पण अर्ज केला नाही, तर ती सुधारणा कोणत्याच आकड्यात येत नाही. अर्जापूर्वी ती सर्वांसमोर मांडली, तर नावीन्य गेले म्हणून नोंदणीचा हक्कही हातचा जाऊ शकतो.

तिसरे आणि खरे अंग फलिताचे. वस्तू सहज दुरुस्त होते काय? कामगाराचा हात सुरक्षित राहतो काय? पाणी व कच्चा माल वाचतो काय? अभिकल्प विकासाच्या कामी यावा, हाच १९७९ च्या अहमदाबाद जाहीरनाम्याचा आशय होता. २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह पवईच्याच केंद्रातील एका संशोधक विद्यार्थ्याने रेखाटले. आज ते दुकानोदुकानी दिसते. नोंदणीच्या संख्येने त्याचे मोल कसे कळावे?

यास्तव एक विनंती आहे. शाळांनी व पंचायतींनी आपल्या परिसरातील कारागिरांच्या सुधारणा कोणी, केव्हा व कशासाठी केल्या, याची वही ठेवावी. मात्र ती जाहीर करण्यापूर्वी कारागिरास नोंदणीची माहिती द्यावी. देशाचा हिशेब अशा वह्यांवाचून अपुराच राहील. आणि ज्याची बुद्धी हिशेबात येत नाही, त्याचा मोबदलाही हिशेबात येत नाही.