पोचपावती क्रमांक २५०



“मेल केलाय की!” “नाही आला हो!” हा संवाद आपल्या मानवतच्या मोंढ्यात, तहसीलच्या व्हरांड्यात, शाळेच्या ऑफिसात रोज ऐकू येतो. कुणाचं गाठींचं बिल असतं, कुणाची पीकविम्याची तक्रार, कुणाच्या मुलीचा बायोडेटा. पाठवणाऱ्याला वाटतं, समोरचा टाळतोय. समोरच्याला वाटतं, हा थापा मारतोय. मी बरीच वर्षं मेल सर्व्हर सांभाळायचं काम करतो, आणि माझा अनुभव असा की बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. पत्र निघालेलं असतं आणि पोचलेलं नसतं. त्या घडीला ते तिसऱ्याच कुणाच्या तरी ताब्यात असतं. कुणाच्या, हे शोधून काढता येतं. आज एवढंच सांगायला आलो आहे.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला मेल पाठवला, तेव्हा ती दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारीच होती. आपल्याकडे हा प्रकार सुरू झाला तो मुंबईत. १९८६-८७ च्या सुमारास ‘अर्नेट’ या प्रकल्पाखाली जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतलं यंत्र पवईच्या आयआयटीतल्या यंत्राला टेलिफोन लावायचं आणि जमलेली पत्रं तिकडे देऊन टाकायचं. ते टेलिफोन कसे होते, हे माझ्या वयाच्या मंडळींना सांगायला नको. लागला तर लागला. म्हणून पहिल्या दिवसापासून एक गोष्ट गृहीत धरावी लागली: पलीकडचा आत्ता फोन उचलणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेवायचं आणि परत लावायचं. आजही मेल तसाच चालतो. लाइन आता अखंड असते म्हणून आपल्याला ते दिसत नाही, इतकंच.

आता पत्ता. मानवतला रेल्वेनं येणारा माणूस मानवत रोडला उतरतो. स्टेशन एकीकडे, गाव काही किलोमीटर दुसरीकडे. मेलच्या पत्त्यातही ‘अ‍ॅट’च्या पुढे जे नाव असतं ते गाव; पण त्या गावची पत्रं कोणत्या स्टेशनावर उतरवायची, हे वेगळं नोंदवावं लागतं. त्या नोंदीला ‘एमएक्स’ म्हणतात, आणि ती सोय १९८६ पासून आहे. पाठवणारा सर्व्हर आधी ही नोंद विचारतो आणि मग तिथे जातो. मेल पोचत नाही अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी ही नोंदच उघडून बघतो. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. संस्थेनं मेलची सेवा बदललेली असते आणि नोंद जुन्याच स्टेशनाकडे बोट दाखवत असते.

स्टेशनावर पोचल्यावर दोन सर्व्हर काय बोलतात, ते ऐकण्यासारखं आहे. हे संभाषण जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ‘आरएफसी ८२१’ या दस्तऐवजात ठरवून दिलं, आणि थोड्याफार फरकानं आजही तेच चालू आहे. मी ते बोलीभाषेत सांगतो.

“एहलो, मी अमक्या कंपनीचा सर्व्हर.”
“२५०. या. मला या-या गोष्टी जमतात.”
“पत्र अमक्याकडून आहे.”
“२५०.”
“तमक्यासाठी आहे.”
“२५०.”
“मजकूर देऊ?”
“३५४. द्या. संपला की एका ओळीवर नुसतं एक टिंब द्या.”
मजकूर जातो. मग एक टिंब.
“२५०. घेतलं. रांगेतला क्रमांक अमुक.”

या शेवटच्या २५० कडे लक्ष द्या. तो नुसता होकार नाही. तो आकडा उच्चारला त्या क्षणी पत्राची जबाबदारी बदलली. तोवर पाठवणाऱ्यानं प्रत जपून ठेवलेली असते; २५० ऐकलं की तो ती टाकून देतो. यापुढे एक तर पत्र पोचवायचं, नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं, हे घेणाऱ्याच्या माथी. नियमात तर असंही म्हटलंय की नंतर यंत्र बंद पडलं, अशी सबब चालणार नाही. आपल्याकडे माल उतरवून घेतल्यावर पोचपावतीवर सही केली की नंतर ‘आम्हाला मिळालाच नाही’ म्हणता येत नाही, तसाच हा करार आहे. आणि त्यामुळे शोध घेणाऱ्याचा प्रश्न एकच उरतो: शेवटचा २५० कोणी दिला?

पाठवणाऱ्या सर्व्हरची रोजवही, म्हणजे लॉग, उघडायची. त्यात वेळ, समोरच्या सर्व्हरचं नाव आणि त्याचं उत्तर शब्दशः लिहिलेलं असतं. २५० असेल तर तो रांगेतला क्रमांक पलीकडच्यांना कळवायचा आणि म्हणायचं, “साहेब, हे तुमच्या ताब्यात आहे, आता तुम्ही शोधा.” ‘मेल आला नाही’ यावर कुणी हलत नाही, वेळ आणि क्रमांक दिला की हलतात.

२५० नसेल तर आकड्याचा पहिला अंक बघायचा. चारने सुरू झाला तर ‘आत्ता नाही, नंतर या’. पाठवणारा सर्व्हर थांबतो आणि पुन्हा जातो. दोन खेपांत निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असा संकेत आहे. म्हणून शुक्रवारी पाठवलेला मेल कधी कधी मंगळवारी ‘पोचवता आला नाही’ म्हणून परत येतो, आणि तोवर निविदेची तारीख उलटून गेलेली असते. काही सर्व्हर तर अनोळखी माणसाला पहिल्या खेपेला मुद्दामच परत पाठवतात. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये मांडलेली ही युक्ती: कचरा पाठवणारे पुन्हा येण्याची तसदी घेत नाहीत, प्रामाणिक सर्व्हर येतो. ओटीपीची वाट बघत बसलेल्या माणसाला मात्र या हुशारीचं कौतुक वाटत नाही.

पाचने सुरू झाला तर ‘नाही म्हणजे नाही’. ५५० हा नेहमीचा: असा माणूस इथे नाही, किंवा तुमचं पत्र आम्ही घेणार नाही. ५५२ बहुधा आकाराचा. यात एक मेख आहे. मेलमधून फाइल जाते ती अक्षरांत बदलून, आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशानं फुगते. ‘पोस्टफिक्स’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरची मूळ मर्यादा सुमारे १० एमबीची आहे. म्हणजे ८ एमबीचा स्कॅन केलेला फेरफार त्यातून जाणार नाही. जीमेल २५ एमबीपर्यंत चालवतं, म्हणून आपण ‘माझ्याकडून तर गेला’ म्हणतो. तुमच्याकडून गेला, खरं आहे. त्यांच्या दारात अडला.

हे सगळं त्या परतीच्या इंग्रजी मेलमध्ये लिहिलेलं असतं. आपण तो न वाचता पुसून टाकतो, त्याला इलाज नाही.

आता एक गोष्ट सांगतो. आमच्या धंद्यातली ही लाडकी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ट्रे हॅरिस (हे हॅरिस वेगळे) मेल व्यवस्था सांभाळत होते. संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांचा फोन आला: आमच्या विभागातून ५०० मैलांपलीकडे मेल जात नाहीत. कुणीही हसेल. पण संख्याशास्त्रवाले पडले. त्यांनी काही दिवस आकडे गोळा करून नकाशा काढला होता. हॅरिस यांनी स्वतः पाठवून पाहिलं. न्यूयॉर्कला गेला, ४२० मैल. प्रॉव्हिडन्सला नाही, ५८० मैल. कारण असं निघालं: कुणीतरी सर्व्हर अद्ययावत करताना मेलचा प्रोग्राम नकळत जुन्या आवृत्तीचा बसवला होता, आणि सेटिंगची फाइल नव्या आवृत्तीची राहिली होती. जुन्याला नव्या सूचना कळेनात. त्यामुळे समोरच्याची वाट किती बघायची, हा आकडा शून्य झाला. त्या यंत्रावर शून्य म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंद. तेवढ्यात प्रकाश जातो सुमारे ९०० किलोमीटर. जाण्या-येण्याचा हिशेब काटेकोर लावला तर आकडे थोडे हलतात, पण बिघाड खरा होता. तो मानवतला झाला असता तर मुंबई, हैदराबादचे मेल सुरळीत गेले असते आणि दिल्लीचे गेले नसते. मग आपण दिल्लीला चार शिव्या घालून मोकळे झालो असतो.

मला या गोष्टीत आवडतात ते तक्रार करणारे. त्यांनी कुठे जातो आणि कुठे जात नाही, याची यादी केली. ‘मेल बंद आहेत’ असं ते म्हणाले नाहीत.

तशा यादीनं सुटलेली आपल्याकडची एक नेहमीची अडचण बघा. एखाद्या जिनिंगवाल्यांची वेबसाइट असते. साइट आणि मेल दोन्ही एकाच होस्टिंगवाल्याकडे. पुढे ते मेल दुसऱ्या मोठ्या सेवेकडे नेतात, साइट तिथेच राहते. एमएक्सची नोंद बदलली, जगभरचे मेल नव्या पेटीत यायला लागले. पण साइटवर जो ‘चौकशी करा’ फॉर्म आहे, त्यातून व्यापाऱ्यांच्या चौकशा येईनात. फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणतो, परतीचा मेलही नाही. यादी केली तर दिसतं की बाहेरून येणारे सगळे येतात, फक्त साइटच्या सर्व्हरवरून निघणारे येत नाहीत. का? त्या जुन्या सर्व्हरला कुणी सांगितलेलंच नसतं की या नावाची पत्रं आता तुझ्याकडे नाहीत. तो स्वतःलाच गाव समजतो. नोंद विचारायला बाहेर जातच नाही; पत्र स्वतःच्याच पेटीत टाकतो आणि २५० म्हणतो. करार पाळला गेला, पत्र पोचलं. फक्त जी पेटी कुणी उघडत नाही तिच्यात. सर्व्हरच्या सेटिंगमधून ‘हे नाव माझं’ ही एक ओळ काढली की काम होतं. सीझनभराच्या चौकशा मात्र त्या पेटीत पडून असतात.

अलीकडे या कराराला एक तडा गेला आहे. कचरा मेल इतके वाढले की मोठ्या सेवा २५० म्हणतात आणि पत्र स्पॅममध्ये टाकतात. काही सर्व्हर तर घेऊन सरळ नष्ट करतात, कळवतही नाहीत. पत्र नको असेल तर दारातच ५५० म्हणावं. आत घेऊन गप्प बसणं मला अप्रामाणिक वाटतं. कचऱ्याला उत्तर देऊ नये, हा त्यांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही; पण त्याची किंमत छोट्या सर्व्हरवाल्यांना पडते.

त्यावरचा उपाय म्हणजे ओळखपत्रं. कोणत्या यंत्रांना आमच्या नावानं पत्र पाठवायची मुभा आहे, ती यादी म्हणजे ‘एसपीएफ’. पत्रावरची नक्कल न करता येणारी सही म्हणजे ‘डीकिम’. दोन्ही जुळलं नाही तर काय करा, ही सूचना म्हणजे ‘डीमार्क’. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचं आहे. छोट्यांनाही पहिल्या दोहोंपैकी एक हवंच. परतीच्या मेलमध्ये ‘५५०-५.७.२६’ दिसलं तर ओळखपत्राचीच अडचण समजा. कॉलेजच्या पत्त्यावर आलेला मेल आपोआप स्वतःच्या जीमेलकडे वळवणाऱ्या प्राध्यापकांना हे हमखास भेटतं: वळवणारं यंत्र मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत नसतं.

शेवटचा मुद्दा आपल्या लिपीचा. देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून मिळतं, आणि ‘अ‍ॅट’च्या डावीकडचं नावही देवनागरीत असलेला पत्ता घेता येतो. उजवीकडच्या भागाला आत रोमन रूप देऊन भागवता येतं, डाव्या भागाला तशी सोय नाही. म्हणून २०१२ मध्ये ‘एसएमटीपीयूटीएफ८’ हा विस्तार ठरला. मघाच्या संभाषणातलं दुसरं वाक्य आठवा, “मला या-या गोष्टी जमतात.” त्या यादीत हे नाव समोरच्या सर्व्हरनं उच्चारलं नाही, तर देवनागरी पत्त्याचं पत्र त्याला देताच येत नाही; ते परत येतं. जीमेलनं २०१४ मध्येच अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार सुरू केला, पण बाकीच्या कितीतरी सर्व्हरांना ते अजून जमत नाही. तेव्हा देवनागरी पत्ता जरूर घ्या, व्हिजिटिंग कार्डावर छापा, आणि त्याच पेटीला एक रोमन पत्ताही जोडून घ्या. परतीचा मेल आला तर तो तसाच्या तसा ज्यांचा सर्व्हर आहे त्यांच्याकडे पाठवा. त्यांच्या माणसाला दुरुस्तीसाठी लागणारी ओळ त्याच मेलमध्ये असते.