विसरणं सारखं, आजार वेगळे
(वसई-विरारमधील तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वसई-नालासोपाऱ्याच्या मोहल्ल्यांत म्हातारं माणूस विसरायला लागलं की तीन उत्तरं तयार असतात. 'वय झालं', 'नाटक करतात', नाहीतर 'कुणीतरी काहीतरी केलंय'. हा मेंदूचा आजार असेल, हे चौथं उत्तर फार उशिरा सुचतं. आज त्याच्याबद्दल बोलू.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे एका आजाराचं नाव नाही. ताप मलेरियाचा असतो तसा टायफॉईडचाही असतो, तसंच हे. वरून विसरणं आणि गोंधळ दिसतो. आत मेंदूत बिघाड वेगवेगळे असतात.

सर्वांत जास्त आढळतो अल्झायमर. 1906 साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्ण बाईंचा मेंदू, त्या वारल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींबाहेर चिकट साठे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता दिसला. साठ्यांतलं प्रथिन अमायलॉइड, गुंत्यातलं टाऊ. यात बहुधा ताज्या आठवणी आधी जातात. नानीला स्वतःचा निकाह आठवतो, पण सकाळी नाश्ता केला की नाही ते आठवत नाही.

दुसरा रक्तवाहिन्यांमुळे होणारा. ब्लडप्रेशर, शुगर, तंबाखू यांनी मेंदूच्या बारीक वाहिन्या खराब होतात, किंवा लहान-मोठे झटके येतात. विचार मंदावतो, चाल बिघडते. झटक्यांमुळे असेल तर माणूस पायरी-पायरीने खाली येतो.

तिसरा लेवी बॉडीचा. पेशींत अल्फा-सायन्युक्लीन हे प्रथिन साचतं. घरात नसलेली मुलं, माणसं दिसतात, अंग ताठरतं, एक दिवस बरा तर एक दिवस वाईट. आपल्याकडे याला आसेब समजून झाडफूक होते. आणि भास थांबावेत म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं, तर या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून नेमकं निदान हवं.

चौथा मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाचा. तो अनेकदा पासष्टीच्या आतच सुरू होतो. सुरुवातीला स्मरणशक्ती बहुधा शाबूत असते, पण स्वभाव किंवा भाषा बदलते. सभ्य माणूस शिव्या देतो, पैसे उधळतो. घरचे चारित्र्याला दोष देतात. दोष आजाराचा असतो.

एकाच मेंदूत दोन बिघाडही असतात, विशेषतः वय जास्त असेल तर.

हे सगळे आजार पूर्ण बरे होत नाहीत. पण विसरण्याची काही कारणं उपचारांनी सुधारतात: बी-12ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, पडल्यानंतर कवटीत साचलेलं रक्त. तपासणी केली नाही, तर सुधारू शकणारं माणूसही आपण 'वय झालं' म्हणून गमावतो. आणि दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, तर तो जंतुसंसर्ग किंवा झटका असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एरवी डॉक्टरकडे जाताना लिहून न्या: कधी सुरू झालं, अचानक की हळूहळू, आधी काय बिघडलं, भास होतात का, पडले होते का. चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या सोबत ठेवा. रक्ततपासणी आणि मेंदूचा स्कॅन यांबद्दल विचारा. इथे सोय झाली नाही, तर मुंबई सेंट्रलला उतरलं की नायर हॉस्पिटल जवळच आहे.

भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. 2024च्या लॅन्सेट आयोगानुसार, आयुष्यभर 14 धोके टाळले तर जगभरातली सुमारे 45 टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात. त्यात ब्लडप्रेशर, शुगर, धूम्रपान आहे, तसं कमी ऐकू येणं, कमी शिक्षण आणि एकटेपणही आहे. म्हणजे मुलींचं शिक्षण आणि दादाजींचं कानाचं मशीन, दोन्ही याच लढाईतले.

शेवटचं, मुलग्यांसाठी. असं माणूस सांभाळणं चोवीस तासांचं काम आहे आणि ते गुपचूप सुनेच्या किंवा लेकीच्या गळ्यात पडतं. पाळ्या लावा. अब्बांना आंघोळ घालायला लाज कसली? मदत, माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, 14567. नंबर आत्ताच मोबाईलमध्ये घ्या.