सात दिवसांचं लोन आणि बाबांना न केलेला फोन

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, दादा, कॉलेजमध्ये असताना पैशांचं काय करायचं, एसआयपी कुठली घ्यायची वगैरे. त्यावर बोलू कधीतरी. पण आज त्याच्या आधीची गोष्ट सांगतो. गुंतवायला पैसे उरायच्या आधी पैसे अडकतात कसे, ते. आणि हे मी स्वतःवरूनच सांगणार आहे, त्यामुळे हसायचं असेल तर हसून घ्या.

थर्ड इयरला होतो, हॉस्टेलला. सेमिस्टर संपली आणि रूममधल्या सगळ्यांनी ठरवलं, कोकणात जायचं. तीन दिवस, प्रत्येकी २,२०० रुपये. माझ्याकडे तेव्हा मेसचे पैसे भरून तीनशे-चारशे उरले होते. सरळ सांगायचं होतं की बाबा रे, माझं नाही जमत. पण तेवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, ‘हो, चालतंय की!’

रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली. पाच मिनिटांत लोन, कागदपत्रं नाहीत. आधारचा फोटो टाकला, सेल्फी काढला, आणि ॲपने जी जी परमिशन मागितली तिला अलाउ, अलाउ करत गेलो. कॉन्टॅक्ट्सलासुद्धा. बीटेकचा विद्यार्थी, कोडिंग करणारा माणूस, आणि लोनच्या ॲपला माझी फोनबुक कशाला हवी, हा प्रश्न मला पडला नाही.

लोन मंजूर झालं ३,००० रुपयांचं. खात्यात आले २,२५०. साडेसातशे रुपये प्रोसेसिंग फी म्हणून आधीच कापले. सात दिवसांनी परत करायचे मात्र पूर्ण ३,०००.

आता जरा थांबा आणि हिशोब करू. हातात आले २,२५०. त्यावर जादा द्यायचे ७५०. म्हणजे ३३ टक्के. आणि हे वर्षाचं नाही हं, आठवड्याचं! वर्षाला बावन्न आठवडे, सरळ व्याजाने गुणलं तरी १,७०० टक्क्यांच्या वर जातं. गावातला सावकार महिन्याला दहा टक्के घेतो म्हणून आपण त्याला शिव्या देतो. त्याच्यापुढे हा सावकार साधा वाटेल.

ट्रिप मस्त झाली. खोटं कशाला बोलू. पण परत आलो तर सातवा दिवस उजाडलेला आणि खिशात पैसे नाहीत. मग काय केलं? दुसरं ॲप. ३,००० हातात यायला ४,००० चं लोन घ्यावं लागलं, कारण तिथेही पाव हिस्सा आधीच कापला. त्याच्या पुढच्या आठवड्यात ४,००० फेडायला साधारण ५,३०० चं. त्याच्या पुढे ७,१०० चं. अठ्ठावीस दिवस झाले, मी वापरलेले पैसे २,२५०, आणि डोक्यावर देणं ७,१००. मधल्या लोनमधला एक रुपयाही मी खर्च केला नव्हता. तो नुसता एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये गेला.

पाचवं ॲप काही मिळालं नाही. आणि मग फोन सुरू झाले. मला नाही, माझ्या मामाला. कुणीतरी हिंदीत त्याला सांगत होतं की तुमचा भाचा पैसे बुडवून पळालाय. फोनबुकमधून नंबर उचललेला. मग एका मैत्रिणीला मेसेज. मग आमच्या प्रोजेक्ट गाइड सरांना. त्या दोन दिवसांत मी जेवायला मेसमध्ये गेलो नाही. डोक्यात काय काय विचार आले ते इथे सांगत नाही, पण चांगले नव्हते. रक्कम किती? ७,१००. आज ऐकताना छोटी वाटते. तेव्हा वाटत होतं, आपलं सगळं संपलं.

मामाने मला फोन केला. म्हणाला, ‘काय रे, कुठं अडकलायस? तू सांगतोस का बाबांना, की मी सांगू?’

मीच केला फोन. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘किती?’ मी आकडा सांगितला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ट्रिपला मागितले असतेस तर मी नाहीच म्हटलं असतं. पण मग एवढंच झालं असतं, ट्रिप गेली असती.’

हे वाक्य मला आजही आठवतं. मी ज्या ‘नाही’ला घाबरत होतो, त्याची किंमत एक ट्रिप होती. ते टाळायला मी महिनाभर झोप घालवली आणि पैसे वर. बाबांनी पैसे पाठवले, मी फेडले. नंतर इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून त्यांना परत केले. पैसे भरल्यावरही आठवडाभर लेट फीच्या नावाने फोन येत होतेच. पोलिसांत तक्रार मी केली नाही, लाज वाटली. ती माझी चूक.

आता तुमच्या कामाचं. तेव्हापेक्षा आज नियम बरेच कडक आहेत. आरबीआयने २०२२ मध्ये डिजिटल लोनसाठी नियम आणले. लोन देणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो-फाइल्स बघायची परवानगी नाही. मागितली, तर तिथेच ॲप उडवा. लोन देण्याआधी सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हे लिहिलेला कागद, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, द्यावाच लागतो. आणि लोन घेतल्यावर विचार बदलला, तर किमान एक दिवसाची मुदत असते. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ॲपच्या मागे कुठली बँक किंवा एनबीएफसी आहे, ते बघा. ते नावच सापडत नसेल, तर पुढे जाऊ नका.

आणि कुणी आधीच अडकलं असेल, तर तीन गोष्टी करा. एक, धमकीच्या मेसेजचे आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट ठेवा, डिलीट करू नका. दोन, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० ला फोन लावा. बेकायदा लोन देणाऱ्यांची तक्रार आरबीआयच्या सचेत पोर्टलवरही करता येते. तीन, एक लोन फेडायला दुसरं घेऊ नका. माझे ३,००० चे ७,१०० तिथेच झाले.

पण या सगळ्याच्या आधी एक काम. आज रात्री झोपायच्या आधी कुणाला तरी सांगा. आई, बाबा, ताई, मामा, हॉस्टेलचा एखादा सीनियर, कुणीही. ओरडा बसेल. बसू दे. ओरडा एकदाच बसतो, व्याज दर आठवड्याला बसतं. ही धमकी देणारी मंडळी एकाच गोष्टीवर जगतात, की तुम्ही घरी सांगणार नाही. घरी कळलं की त्यांच्या हातातलं अर्धं हत्यार गेलं.

आणि ज्यांचं सगळं ठीक चाललंय, त्यांच्यासाठी या आठवड्याचा होमवर्क. पुढच्या वेळी ग्रुपवर प्लॅन ठरेल तेव्हा लिहून बघा, ‘माझं बजेट ५०० आहे, त्यात काही होतंय का?’ कारण नको, सबब नको, फक्त आकडा. नव्वद टक्के वेळा ग्रुपमधला अजून एक जण लगेच लिहितो, ‘भावा, माझंपण.’ आकडा मनाने सांगतोय, पण करून बघा.

चला, आज एवढंच. हा एपिसोड एखाद्या फर्स्ट इयरवाल्याला पाठवा. त्याला गरज नसेल तर उत्तमच. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि घरी फोन करा.