हिरवळ नव्हे, पाणी!

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चौघीजणी इंद्रायणीच्या काठावर बसलो होतो. पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू जलपर्णीवर पडला आणि वरच राहिला. ‘चेंडू बुडत नाही, म्हणजे खाली घट्ट आहे,’ असं म्हणत एक पोरगा उतरला. दुसऱ्याच पावलाला छातीपर्यंत आत! आमच्यातली एक काठावर आडवी झाली, तिने ओढणी फेकली, आम्ही तिचे पाय धरले, म्हणून तो हाती लागला.

थंड देशांत तळी गोठतात. तिथली माणसं बर्फाला भोक पाडून जाडी मोजतात. चांगला पारदर्शक बर्फ निदान चार इंच असेल, तरच पायी जातात. आपल्या पवना-इंद्रायणीवरच्या जलपर्णीला मात्र असं कुठलंच माप नाही. ती कितीही दाट असो, माणसाचं वजन पेलेल याचा भरवसा नाही. तिच्या फुगीर देठांत हवा असते, म्हणून ती तरंगते. मुळं पाण्यात लोंबतात, तळाला धरून नसतात. बगळा तिच्यावर चालतो, कारण तो हलका. आपला पाय पडला की झाडं बाजूला सरकतात आणि माणूस आत गेला की वरून पुन्हा मिटतात.

मग ओळखायचं कसं? वारा आला की सगळा हिरवा पट्टा एकदम डुलतो. जांभळी फुलं दिसतात. पण वर धूळ बसली, गवत उगवलं की तो अगदी रानासारखा वाटतो. गटाराचं पाणी नदीत येतं, त्यावर ही वनस्पती पोसते आणि उन्हाळ्यात पात्र झाकून टाकते. म्हणून काठ कुठे संपतो ते दिसत नसेल, तर तिथे पाऊल टाकायचंच नाही. शेरडं-गुरंही सोडायची नाहीत.

कुणी पडलंच, तर मागे उडी मारू नका. १०१ किंवा ११२ ला फोन लावा. काठावर आडवं होऊन बांबू, दोरी, साडी, जे असेल ते पुढे करा. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅनही फेकता येतो. आतल्याला ओरडून सांगा, ‘हातपाय झाडू नको, पाठीवर हो, हात पसर.’

आज संध्याकाळी पोरांना जवळ बसवून एवढंच सांगा: चेंडू गेला तर जाऊ दे. दुसरा आणू.