भिवंडीच्या यंत्रमागांचं विद्यापीठाशी नातं

भिवंडीच्या यंत्रमागावरून उतरणारा कापडाचा तागा कोरा असतो. रंगवणं, छापणं, उजळवणं हे सगळं पुढे प्रोसेस हाऊसमध्ये. या कामाचं शास्त्र शिकवायला मुंबई विद्यापीठाने 1933 साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला. पहिल्या विषयांतच वस्त्ररसायन होतं! कारण उघड आहे, मुंबईच्या गिरण्यांना जाणकार माणसं हवी होती.

1938 मध्ये डॉ. के. वेंकटरामन या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. रसायनशास्त्रज्ञ विल्सन बेकर यांच्यासोबत त्यांचं नाव एका रासायनिक अभिक्रियेला आहे. कृत्रिम रंगांवरचे त्यांचे ग्रंथ जगभर वापरले गेले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही ते पहिले भारतीय संचालक झाले. याच विभागातले प्राध्यापक मनमोहन शर्मा 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते. 2008 पासून हा विभाग स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, माटुंग्याला.

भिवंडीतलं बी.एन.एन. महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशीच संलग्न. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात नाटक-नृत्याला टाळ्या पडतात, पडायलाच हव्यात. पण माझ्या मते संशोधन स्पर्धेतल्या मुलांनाही तितकीच दाद हवी. कापड रंगवल्यावर उरणारं रंगीत सांडपाणी स्वच्छ कसं करायचं, हा प्रश्न आजही जिवंत आहे. रसायनशास्त्राच्या मुलामुलींनो, प्रकल्पासाठी विषय शोधताय ना? आपल्या प्राध्यापकांना याबद्दल जरूर विचारा.