गिअर अडतोय? आधी क्लच बघा



सिल्लोडला मिरचीचा हंगाम आला,
की पिकअपला उसंत नसते.
भरलेली गाडी अजिंठा घाट उतरून जळगावकडे निघते.
अशात गिअर अडला,
की आपण गिअरबॉक्सलाच दोष देतो.

थोडं थांबा.
आधी क्लच, मग गिअरबॉक्स.

गाडी सपाट जागी उभी करा.
हँडब्रेक ओढा.
इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सगळे गिअर टाकून बघा.
मग न्यूट्रल करा, इंजिन सुरू करा,
आणि क्लच दाबून पुन्हा टाकून बघा.

बंद गाडीत गिअर सहज पडतो,
चालू गाडीत मात्र अडतो?
रिव्हर्स टाकताना करकर होते?
म्हणजे बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही.
क्लचचं ऑइल कमी आहे का, कुठे गळतंय का, बघा.
केबलची गाडी असेल, तर केबल ढिली झालेली असू शकते.

इंजिन बंद असतानाही गिअर अडतो?
मग गिअर लिव्हरची जोडणी आणि गिअरबॉक्स मिस्त्रीला दाखवा.

रेस वाढते, पण गाडी ओढत नाही?
जळका वास येतो?
क्लच प्लेट झिजली असणार.
बऱ्याचदा दोषी असतो आपलाच डावा पाय,
दिवसभर पेडलवर विसावलेला!

ऑटोमॅटिक गाडीला क्लचचं पेडल नसतं.
तिथे आधी ट्रान्समिशन ऑइल तपासून घ्या.

बाकी सगळ्यांनी लक्षात ठेवा,
आधी क्लच, मग गिअरबॉक्स.
आणि डिझेल वाचवायला म्हणून
भरलेली गाडी न्यूट्रलवर घाटातून कधीही उतरवू नका.